निसर्गात नसलेल्या घड्या

बर्लिनमध्ये १९०७ साली एमिल फिशर यांनी अठरा अमिनो आम्लं एकापुढे एक जोडली. पंधरा ग्लायसीन आणि तीन ल्युसीन. इतकी लांब साखळी त्याआधी कुणी तयार केली नव्हती. साखरेच्या रेणूंचं कोडं उलगडून पाच वर्षांपूर्वीच नोबेल मिळवलेले फिशर आता प्रथिनांच्या मागे लागले होते. दोन अमिनो आम्लांमधला सांधा कसा असतो हे त्यांनी अचूक हेरलं होतं. तरी त्यांची साखळी प्रथिनासारखं वागेना. पचनरसातलं प्रथिन अन्न फोडतं, रक्तातलं प्राणवायू वाहून नेतं. फिशर यांच्या साखळीला यातलं काहीच येत नव्हतं.

कारण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रथिनाची साखळी सरळ ताणलेली राहत नाही. ती वळते, दुमडते, स्वतःभोवती गुंडाळली जाते आणि अखेर एका ठरावीक आकारात स्थिरावते. तिचं काम त्या आकारावर अवलंबून असतं. आकार मोडला की काम संपलं. अंडं उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो तेव्हा नेमकं हेच घडतं: साखळ्या तशाच असतात, पण त्यांच्या घड्या विस्कटून त्या एकमेकींत अडकलेल्या असतात.

या घड्यांचा इतिहास सांगताना सहसा निसर्गातली प्रथिनं उलगडणाऱ्यांची नावं घेतली जातात. मला मात्र वाटतं की त्या इतिहासाचा अधिक धीट भाग निसर्गात कधीच नसलेल्या साखळ्या बनवून त्यांना घडी पडते का हे पाहणाऱ्यांचा आहे. त्या वाटेवरचं एक महत्त्वाचं ठाणं मद्रासमध्ये होतं, एक बंगळूरला होतं, आणि आज त्यातला एक फाटा पुण्यातही आहे.

पहिला मोठा उलगडा झाला तो कागदाच्या एका तुकड्यावर. १९४८ मध्ये लायनस पॉलिंग अमेरिकेहून पाहुणे प्राध्यापक म्हणून ऑक्सफर्डला आले होते. सर्दीने ते अंथरुणाला खिळले. रहस्यकथा वाचून कंटाळा आल्यावर त्यांनी कागदावर अमिनो आम्लांची साखळी काढली, अणूंमधली अंतरं आणि कोन शक्य तितके बरोबर राखून. मग तो कागद समांतर रेघांवर दुमडत, साखळी स्वतःभोवती फिरवली तर काय होतं हे ते पाहू लागले. त्यांच्याजवळ एक पक्की माहिती होती. त्यांचे सहकारी रॉबर्ट कोरी यांनी लहान पेप्टाइडांच्या, म्हणजे मोजक्या अमिनो आम्लांच्या साखळ्यांच्या, स्फटिकांवर वर्षानुवर्षं केलेल्या कामातून हे कळलं होतं की दोन अमिनो आम्लांमधला सांधा सपाट असतो आणि तो पिळता येत नाही. केंब्रिजची नावाजलेली मंडळी त्याच सुमाराला हाच आकार शोधत होती. सपाट सांध्याचा नियम त्यांनी पाळला नाही आणि ती चुकली. पॉलिंग यांच्या कागदावर मात्र मळसूत्रासारखा वळणारा आकार उमटला. त्यात प्रत्येक अमिनो आम्लाचा ऑक्सिजन पुढच्या चौथ्या अमिनो आम्लाच्या नायट्रोजनवरील हायड्रोजनशी बंध जोडत होता. कोरी आणि हर्मन ब्रॅन्सन यांच्यासह पॉलिंग यांनी १९५१ मध्ये तो प्रसिद्ध केला. हाच अल्फा हेलिक्स. एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं. ही संख्या पूर्णांकात नाही, आणि स्फटिकांच्या सममितीची सवय असलेल्या भल्याभल्यांना हेच सुचलं नव्हतं.

मद्रासची गोष्ट सुरू होते १९५२ मध्ये. मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू लक्ष्मणस्वामी मुदलियार यांना नव्या भौतिकशास्त्र विभागासाठी सी. व्ही. रामन हवे होते. रामन यांनी नकार दिला आणि आपला विद्यार्थी सुचवला. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन तेव्हा तिशीचेही झाले नव्हते. इंग्लंडचे स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले असताना त्यांच्याशी बोलण्यातून रामचंद्रन यांचं लक्ष कोलॅजनकडे वळलं. कातडी, स्नायुबंध, हाडं यांना बळकटी देणारं हे प्रथिन. नमुने मिळवायला दूर जावं लागलं नाही, कारण केंद्रीय चर्म संशोधन संस्था विद्यापीठाच्या शेजारीच होती. गोपीनाथ कर्ता यांच्यासोबत रामचंद्रन यांनी १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये कोलॅजनची रचना मांडली: एकमेकींसोबत वळणाऱ्या तीन साखळ्या.

केंब्रिजहून फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी तिच्यावर हरकत घेतली. तीन साखळ्यांची मूळ कल्पना बरोबर असेल, पण मद्रासच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या फार जवळ येतात, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसरा कुणी असता तर वादात उतरला असता. रामचंद्रन यांनी आधी एक मूलभूत प्रश्न विचारला. ‘फार जवळ’ म्हणजे किती? दोन अणूंना एकमेकांच्या किती जवळ येता येतं? तोवर ज्यांची रचना ठाऊक होती त्या लहान रेणूंचे स्फटिक त्यांनी चाळले आणि अणूंच्या प्रत्येक जोडीसाठी किमान अंतराचा तक्ता तयार केला. मग सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन या दोघांना सोबत घेऊन त्यांनी हिशोब मांडला.

पत्ते कोपऱ्याला कोपरा जोडून एक लांब माळ केली, तर प्रत्येक पत्ता सपाटच राहील. वळण पडेल ते फक्त कोपऱ्यांपाशी. प्रथिनाची साखळी तशीच आहे. पत्त्याच्या जागी तो सपाट सांधा, आणि कोपऱ्याच्या जागी प्रत्येक अमिनो आम्लाचा मधला कार्बन. त्या कार्बनच्या दोन बाजूंना दोन बंध, आणि दोन्हींभोवती फिरता येतं. म्हणजे साखळीचा आकार सांगायला दर अमिनो आम्लामागे दोनच कोन पुरतात. एक कोन आडव्या अक्षावर, दुसरा उभ्या अक्षावर घेतला की एका चौकोनात सगळ्या शक्यता मावतात. मद्रासच्या तिघांनी त्या चौकोनातल्या एकेका जागी साखळी कशी दिसेल ते काढलं आणि कुठे अणू एकमेकांवर आदळतात ते तपासलं. हाताशी संगणक नव्हता. आकडेमोड टेबलावरच्या गणकयंत्रावर झाली.

१९६३ मध्ये तो नकाशा प्रसिद्ध झाला. बहुतेक चौकोन निषिद्ध निघाला. कोरे राहिले ते मोजके पट्टे: एकात पॉलिंग यांचा अल्फा हेलिक्स, एकात रेशमातल्यासारख्या पसरलेल्या साखळ्या, एकात कोलॅजन. प्रथिनाला असंख्य आकार घेता येतील असं वरवर दिसत होतं. प्रत्यक्षात बहुतेक वाटा केवळ अणूंच्या आकारमानामुळेच बंद होत्या. आजही जगात कुठेही प्रथिनाची नवी रचना निघाली की ती या नकाशावर घासून पाहिली जाते. रामचंद्रन यांना नोबेल मिळालं नाही. मला ही त्या पारितोषिकाच्या इतिहासातली ठळक उणीव वाटते.

नकाशाने कुठे जाता येत नाही ते सांगितलं. पण साखळी आपल्या एकाच ठरावीक घडीपर्यंत पोचते कशी? की पेशीतलं आणखी काही तिला वाट दाखवतं? अमेरिकेत बेथेस्डा इथे ख्रिश्चन आन्फिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज हे १२४ अमिनो आम्लांचं विकर घेतलं. त्याच्या घडीला गंधकाचे चार पूल बांधून ठेवतात. युरियाच्या तीव्र द्रावणात त्यांनी घडी मोडली, रसायनाने पूल तोडले. विकर निकामी झालं. मग ती रसायनं हळूहळू काढून टाकली आणि द्रावण हवेत राहू दिलं. साखळी आपली आपण पुन्हा दुमडली आणि कामाला लागली. गंधकाच्या आठ टोकांच्या चार जोड्या १०५ तऱ्हांनी लागू शकतात. साखळीने नेमकी बरोबर तऱ्हा निवडली. घडीची सगळी माहिती अमिनो आम्लांच्या क्रमातच आहे, हा निष्कर्ष त्यातून निघाला.

एक शंका मात्र उरली. आन्फिन्सन यांनी मोडलेलं विकर मुळात गायीच्या स्वादुपिंडातूनच आलेलं होतं. पेशीतून आलेला एखादा अवशेष तर मदत करत नसेल? ही शंका फेडायची तर साखळी शून्यापासून, काचेच्या भांड्यात बनवायला हवी. आणि १२४ आम्लांची साखळी फिशर यांच्या पद्धतीने बनवणं अशक्यप्राय होतं. त्या पद्धतीत दर जोडणीनंतर पदार्थ वेगळा काढायचा, शुद्ध करायचा, मगच पुढची जोडणी. दर पायरीला थोडा माल वाया जाई, आणि दहा-वीस पायऱ्यांत हाती काही उरत नसे.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या ब्रूस मेरीफिल्ड यांना या कामाचा वीट आला होता. २६ मे १९५९ रोजी त्यांनी आपल्या वहीत एक कल्पना नोंदवली: साखळीचं पहिलं टोक एखाद्या न विरघळणाऱ्या घन पदार्थाला कायमचं बांधून टाकायचं. मग जोडणीनंतर शुद्धीकरणाची गरजच नाही; उरलेली रसायनं धुऊन टाकली की झालं. साखळी घनाला चिकटून राहते, वाया जात नाही. कल्पना साधी, पण प्रत्यक्षात आणायला चार वर्षं गेली. पॉलिस्टायरीनचे बारीक मणी निवडले गेले, आणि १९६३ मध्ये, मद्रासचा नकाशा आला त्याच वर्षी, मेरीफिल्ड यांनी एकट्याच्या नावाने निबंध लिहिला. त्यातली साखळी फक्त चार अमिनो आम्लांची होती. पुढे घराच्या तळघरात त्यांनी जॉन स्टुअर्ट यांच्या मदतीने हे काम आपोआप करणारं यंत्र जोडलं. आणि १९६९ मध्ये बर्न्ड गुटे यांच्यासोबत रायबोन्यूक्लिएजची सगळीच्या सगळी साखळी बनवली. ३६९ रासायनिक अभिक्रिया, ११,९३१ पायऱ्या. तयार झालेला पदार्थ फारसा शुद्ध नव्हता. तरीही तो विकराचं काम करत होता. कुठल्याही पेशीचा स्पर्श न झालेल्या साखळीने स्वतःची घडी घातली होती.

यानंतरची दिशा बदलली ती मेरीफिल्ड यांच्या मण्यांमुळे. मणी काही निसर्गाच्या वीस अमिनो आम्लांना बांधील नव्हते. जोडता येईल असं काहीही त्यांच्यावर जोडता येत होतं. मग नवा प्रश्न आपसूक पुढे आला. घडी घालणं हा प्रथिनांचाच मक्ता आहे का?

पहिलं पाऊल लहान होतं. बुरशी काही अशी अमिनो आम्लं वापरते जी आपल्या प्रथिनांत नसतात. ट्रायकोडर्मा या बुरशीपासून मिळणारं अलामेथिसिन हे प्रतिजैविक पेशीपटलात शिरतं आणि त्याला आयन जाण्याइतकी भोकं पाडतं. त्याच्यात एआयबी नावाचं अमिनो आम्ल ठिकठिकाणी आहे. नेहमीच्या अॅलॅनिनच्या मधल्या कार्बनवर एक हायड्रोजन असतो. एआयबीमध्ये त्या हायड्रोजनच्या जागी आणखी एक मिथाइल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे पडलेल्या उल्केतही हेच आम्ल सापडलं होतं. एवढ्याशा बदलाने काय होतं? रामचंद्रन यांच्या नकाशावर एआयबी ठेवून पाहिलं तर आधीच अरुंद असलेली मोकळी जागा आणखी आक्रसते आणि उरतात हेलिक्सचे दोन छोटे तुकडे. अमेरिकेत गार्लंड मार्शल यांनी १९७१ मध्ये हे भाकीत केलं. मद्रासच्या परंपरेतूनही त्याच सुमाराला तशीच गणितं आली.

हे भाकीत प्रयोगाने पडताळण्याचं मोठं काम बंगळूरला झालं. पद्मनाभन बलराम हे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी. कानपूर, पिट्सबर्ग आणि हार्वर्ड अशी वाट चालून ते १९७३ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. रामचंद्रन यांनी तिथे उभारलेल्या आण्विक जैवभौतिकी विभागात त्यांनी अलामेथिसिनच्या तुकड्यांपासून सुरुवात केली. एआयबी घातलेली लहान लहान पेप्टाइडं बनवायची आणि त्यांचा आकार तपासायचा. नैसर्गिक अमिनो आम्लांची लहान साखळी द्रावणात कुठलाच आकार धरत नाही, सतत हलत राहते. एआयबीची धरत होती. शिवाय या पेप्टाइडांचे स्फटिक सहज होत. आकार डोळ्यांनी पाहावा तसा पाहायचा तर स्फटिकाला पर्याय नाही.

ते पाहणारी नजर वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत होती. इझाबेला कार्ल या क्ष-किरण स्फटिकशास्त्रातल्या नामवंत. त्यांचे पती जेरोम कार्ल यांना हर्बर्ट हॉप्टमन यांच्यासह १९८५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते ज्या गणिती पद्धतीसाठी, ती प्रत्यक्ष रेणूंवर चालवून दाखवली इझाबेला यांनीच. बलराम आणि कार्ल यांची जोडी दोन दशकांहून अधिक काळ टिकली. एकामागून एक हेलिक्स त्यांनी अणूअणूंसह दाखवले. १९९६ मध्ये तर साखळीला केसाच्या पिनेसारखं वळण देऊन दोन पदर शेजारी शेजारी आणणारं पेप्टाइड त्यांनी आराखडा आखून बनवलं आणि त्याचा स्फटिकही दाखवला. वळणाच्या जागी उलट्या हाताचं, म्हणजे नेहमीच्याचं आरशातलं प्रतिबिंब असलेलं, प्रोलीन बसवलं होतं, जे निसर्गाच्या वीसांमध्ये नाही. कुठे एआयबी, कुठे उलटं प्रोलीन घातलं की साखळी कुठे कशी वळेल हे आता आधी सांगता येत होतं.

तरीही एक गोष्ट जुनीच होती. साखळीचा कणा निसर्गाचाच होता. बदलत होते फक्त त्यावरचे गट. कण्याला हात लावण्याचं धाडस १९९६ मध्येच दोन प्रयोगशाळांनी, एकमेकींपासून स्वतंत्रपणे केलं.

झुरिचमध्ये डीटर झेबाख अनेक वर्षं एका जैविक पॉलिएस्टरवर काम करत होते. जिवाणू हा पदार्थ ऊर्जेचा साठा म्हणून तयार करतात. त्याच्या कण्यातल्या ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन घातला तर जी साखळी होते ती बीटा अमिनो आम्लांची. यात दोन सांध्यांमध्ये एक कार्बन नसून दोन असतात. प्रस्थापित समजूत सांगत होती की असली साखळी घडी घालणार नाही. एक जादा कार्बन म्हणजे फिरायला एक जादा बंध, म्हणजे अधिक मोकळीक, अधिक गोंधळ. बार्सिलोनाच्या संशोधकांनी १९८४ मध्ये अशा एका बहुवारिकात हेलिक्सच्या खुणा पाहिल्या होत्या, पण त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नव्हतं. झेबाख यांनी फक्त सहा बीटा अमिनो आम्लांची साखळी बनवली. ती द्रावणात नीटस हेलिक्स धरून राहिली. नेहमीच्या पेप्टाइडाला हेलिक्स व्हायला याच्या दुपटीहून अधिक लांबी लागते, आणि तरी तो डळमळीत असतो. शिवाय हा हेलिक्स उलटा होता: अल्फा हेलिक्स उजवीकडे वळतो, हा डावीकडे, त्यातल्या हायड्रोजन बंधांची दिशाही उलटी.

विस्कॉन्सिनच्या मॅडिसन शहरात सॅम्युअल गेलमन वेगळ्या वाटेने तिथेच पोचले होते. जादा बंध फिरतो ही अडचण असेल तर त्याला फिरूच द्यायचं नाही. ते दोन्ही कार्बन त्यांनी सहा कार्बनांच्या कड्यात अडकवून टाकले. डॅनियल अपेला या त्यांच्या विद्यार्थ्याने बनवलेल्या साखळीचा हेलिक्स स्फटिकात लख्ख दिसला. पुढच्याच वर्षी त्यांनी सहाऐवजी पाच कार्बनांचं कडं घातलं, आणि हेलिक्सची जात बदलली. वेढा वेगळा, बंधांची जुळणी वेगळी. तो बदल आधी संगणकावर वर्तवलेला होता. कड्यातला एक कार्बन कमी केल्याने अख्ख्या साखळीचा आकार ठरवता येतो, हे या साऱ्या वाटचालीतलं मला सर्वांत विलक्षण वाटणारं फळ आहे. निसर्गाला चार अब्ज वर्षांत याची गरज पडली नव्हती. गेलमन यांनी १९९८ मध्ये या सगळ्या प्रयत्नांची एकत्र मांडणी केली आणि अशा घडी घालणाऱ्या कृत्रिम साखळ्यांना ‘फोल्डामर’ हे नाव रूढ झालं.

त्याच वर्षी आणखी एका साखळीने जुन्या समजुतीला धक्का दिला. कॅलिफोर्नियातल्या कायरॉन या औषध कंपनीत रोनाल्ड झुकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये पेप्टॉइड नावाचे रेणू बनवले होते. यात अमिनो आम्लाचा बाजूचा गट कार्बनवरून उचलून नायट्रोजनवर ठेवलेला असतो. बनवायला ते फार सोपे: मण्यावर ब्रोमोअॅसेटिक आम्ल जोडायचं, मग हवं ते अमाइन, पुन्हा ब्रोमोअॅसेटिक आम्ल, पुन्हा अमाइन. शेकडो प्रकारची अमाइनं बाजारात तयार मिळतात. पण यात नायट्रोजनवर हायड्रोजनच उरत नाही. आणि पॉलिंग यांच्यापासून सगळ्यांचा भरवसा त्याच हायड्रोजनच्या बंधांवर होता. तो नसेल तर घडी कशी पडणार? १९९८ मध्ये झुकरमन यांनी केंट कर्शेनबॉम, अॅनेलीस बॅरन, केन डिल यांच्यासह दाखवलं की नायट्रोजनवर भरदार आणि एका हाताचे गट बसवले तर पेप्टॉइडही हेलिक्स होतो. फक्त गर्दीमुळे. अणू एकमेकांच्या वाटेत येतात आणि साखळीला एकच वाट उरते. मद्रासच्या नकाशाने पस्तीस वर्षांपूर्वी सांगितलेलं सूत्र इथे हायड्रोजन बंधांवाचून खरं ठरलं होतं.

एकटी साखळी दुमडणं ही झाली पहिली पायरी. प्रथिनं त्यापुढे एकमेकांशी जुळून मोठ्या रचना उभ्या करतात. येल विद्यापीठात अॅलाना शेपार्ट्झ यांच्या गटाने २००७ मध्ये बारा बारा बीटा अमिनो आम्लांचे आठ हेलिक्स पाण्यात आपण होऊन एका जुडग्यात कसे गोळा होतात ते स्फटिकात दाखवलं. तेलकट बाजू आत, पाणी मानवणारी बाहेर, अगदी प्रथिनाच्या धर्तीवर. झुकरमन आता बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत आले होते. तिथे की ताए नाम आणि इतर सहकाऱ्यांसह २०१० मध्ये त्यांनी छत्तीस एककांचे पेप्टॉइड पाण्यात सोडले. त्यांच्यावर एकाआड एक तेलकट आणि विद्युतभारित गट होते. त्यांपासून पाण्यात तरंगणारे पत्रे तयार झाले. जाडी तीन नॅनोमीटरांहून कमी, म्हणजे दोन रेणूंची, आणि लांबी-रुंदी साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसावी इतकी.

हे पत्रे होतात कसे, ते कळलं पुढच्या वर्षी, आणि ते फार देखणं आहे. बाटली नुसती ठेवून दिली तर फार काही होत नाही. ती कलवायची. कलताना पाण्याचा हवेला लागलेला पृष्ठभाग मोठा होतो, आणि पेप्टॉइड तिथे येऊन तेलकट बाजू हवेकडे करून दाटीवाटीने उभे राहतात. बाटली पुन्हा सरळ केली की पृष्ठभाग आकसतो, रेणूंची ती पातळ साय दबते, मोडते आणि तेलकट बाजू आत घेऊन दुपदरी पत्रा होऊन पाण्यात उतरते. पुन्हा कलवा, पुन्हा पत्रे. प्रयोगशाळेत आता हे काम बाटल्या संथपणे कलवणारं यंत्र करतं. पत्र्यातल्या साखळ्यांचा आकार उलगडला तो २०१५ मध्ये. शेजारची दोन एककं आलटून पालटून विरुद्ध दिशांना वळतात, त्यामुळे एकाचं वळण दुसऱ्याने फिटतं आणि साखळी सरळ राहते. नैसर्गिक प्रथिनांत ही रचना कधी दिसली नव्हती.

या सगळ्याचा उपयोग काय झाला? सर्वांत आधी आशा होती ती औषधांची, आणि तिला भक्कम कारण होतं. पोटातली विकरं ओळखीचा कणा पाहून साखळी तोडतात. कणाच अनोळखी असेल तर त्यांचं काही चालत नाही. झेबाख यांच्या गटाने बीटा पेप्टाइडं पंधरा वेगवेगळ्या विकरांपुढे ठेवली. एकालाही ती तोडता आली नाहीत. बेडकाच्या कातडीत जिवाणूंना मारणारी पेप्टाइडं असतात. त्यांच्या धर्तीवर विल्यम डीग्रॅडो आणि गेलमन यांनी बीटा पेप्टाइडं, बॅरन यांनी पेप्टॉइड बनवले, आणि तेही जिवाणू मारू लागले. डीग्रॅडो यांच्या कामातून निघालेला ब्रिलासिडिन हा रेणू माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेला. पण प्रतिजैविक म्हणून यातलं काही अजून औषधाच्या दुकानात आलेलं नाही. आरंभीच्या उत्साहाच्या मानाने हे फळ थोडं आहे.

दुकानात आलं ते एआयबी. जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं आणि इन्सुलिन वाढवतं. मधुमेहावर उत्तम औषध झालं असतं, पण रक्तातलं एक विकर त्याच्या दुसऱ्या जागेवरच्या अॅलॅनिनपाशी त्याला तोडून टाकतं, तेही एक-दोन मिनिटांत. त्या अॅलॅनिनच्या जागी एआयबी बसवलं, म्हणजे एका हायड्रोजनच्या ठिकाणी एक मिथाइल आला, की विकराला तिथे हात घालता येत नाही. यासोबत रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहणारी मेदाम्लाची शेपटी जोडली की तयार होतं सेमाग्लुटाइड, आठवड्यातून एकदा टोचायचं औषध. अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये परवानगी मिळाली. टिर्झेपटाइड या औषधात तर एआयबी दोन जागी आहे. बंगळूर आणि वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळांनी ज्या आम्लाच्या वागण्याचा बारकाईने अभ्यास केला, ते आज जगभरातल्या मधुमेहींच्या अंगात जातं आहे.

पुण्यातही हे काम चालू आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गंगाधर संजयन आणि आयसरमध्ये होसहुड्या गोपी यांच्या गटांनी अल्फा, बीटा, गॅमा अशी वेगवेगळ्या लांबीची एककं एकाच साखळीत मिसळून नव्या घड्या शोधल्या आहेत. कण्यात जादा कार्बन घालून हेलिक्स टिकवण्याचा हा धागा बलराम आणि कार्ल यांच्या १९९७ च्या कामापर्यंत मागे नेता येतो.

२०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांच्या घड्यांनाच मिळालं. डेव्हिड बेकर यांना नवी प्रथिनं आखण्यासाठी, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना क्रमावरून घडी वर्तवणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रणालीसाठी. प्रश्न सुटला असं तेव्हा अनेकांनी लिहिलं. निसर्गाच्या वीस अमिनो आम्लांपुरतं ते बरंचसं खरं आहे. पण ती प्रणाली शिकली ती दोन लाखांच्या आसपास ज्ञात रचनांवरून, ज्या १९७१ पासून एका सार्वजनिक साठ्यात जमत आल्या आहेत. बीटा पेप्टाइडं, पेप्टॉइड आणि त्यांच्या भाऊबंदांच्या उलगडलेल्या रचना त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. कृत्रिम साखळ्यांमधून विकराच्या तोडीचं काम करणारा रेणूही अजून कुणी बनवलेला नाही. तो बनायचा असेल तर आधी त्या साखळ्यांचे स्फटिक हवेत, एकेक करून वाढवलेले आणि तपासलेले. रसायनशास्त्र शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनी हे काम जुनं झालं असं समजू नये. त्याला आज माणसं हवी आहेत, आणि ते शिकवणाऱ्या दोन प्रयोगशाळा पुण्यातच, पाषाण रस्त्याच्या परिसरात आहेत.